उडीचे बटण

कमलाबाई पाष्टे माझ्या पडवीच्या पायरीशी येऊन उभी राहिली तेव्हा मी चष्म्याच्या दांडीत स्क्रू बसवीत होतो. काजूच्या कारखान्यातून ती सरळ इकडे आली असावी. बोटांची टोके काजूच्या चिकाने काळी पडली होती आणि पदराला ती लागू नयेत म्हणून तिने हात अंगापासून दूर धरले होते.

"आप्पा, गंगारामाच्या दुकानातलं ते यंत्र तुमी एकदा बगून या."

"कोणतं? व्हिडिओ गेमचं?"

"तेच. पुलावरनं माणूस पडतो ते."

"बिघडलंय का?"

"बिघडलंय का नाय, तेच तर बगायचं हाय."

मी स्क्रू वाटीत टाकला. तिचा नवरा धोंडू अठरा वर्षे मुंबईच्या गिरणीत सांच्यावर, म्हणजे मागावर, होता. संपानंतर गिरणी पुन्हा उघडली नाही आणि तो रत्नागिरीस परत आला, त्याला आता तीन वर्षे होत होती. एस.टी. स्टँडजवळ त्याच्याच वाडीतल्या गंगाराम शिवलकरने व्हिडिओ गेमचे दुकान थाटले होते. ते सकाळी उघडणे, झाडणे आणि गिऱ्हाईक येईपर्यंत स्वतः खेळत बसणे, एवढाच धोंडूचा दिनक्रम उरला होता. पुलाच्या खेळात त्याचा हात धरणारा गावात कोणी नाही, असे मी ऐकून होतो.

"सोमवारी त्यांना मिरजोळ्याला बोलवलंय," कमलाबाई म्हणाली. "मच्छीमारीची जाळी विणायचा कारखाना निघालाय ना नवीन, तिथं. हाताची परीक्षा घेणार म्हणे. चालत्या यंत्रावर तुटलेला धागा जोडून दाखवायचा. आनि हे म्हणतात, मी जात नाय."

"का?"

"म्हणतात, हात गेले माझे. पुलावर तीन उड्या मारवत नायत, धागा कसला जोडतोय."

मला हसू आले नाही. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी माणूस स्वतःचे माप घेण्यासाठी जे साधन हाताशी असेल ते वापरतो; याच्या हाताशी ते यंत्र होते.

"आणि यंत्र चांगलं निघालं तर?"

"तरी वाईट हाय म्हणून सांगा," ती सरळ म्हणाली. "तुमचं ऐकतील. तुमी यंत्रांचे मास्तर."

ती गेल्यावर मी बराच वेळ स्क्रू हातात घेतला नाही. तंत्रनिकेतनाची पदविका घेऊन मी कार्यशाळेत शिकवायला लागलो तो एकतीस वर्षे तेच करीत राहिलो, आणि त्या सर्व काळात लोकांनी मला एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला: चूक माणसाची की यंत्राची? निवृत्तीनंतर तरी तो सुटेल असे वाटले होते.

तो सुटावा असे वाटण्यास कारणही होते. आमच्या कार्यशाळेत लोखंड कातायचा सात नंबरचा एक लेथ होता. हत्यार पुढेमागे नेणारा त्याचा स्क्रू झिजलेला होता. चाक फिरवले की हत्यार हलण्याआधी पाव फेरा फुकट जाई. वर्षभर त्या लेथवर काम केलेल्या मुलांना हे ठाऊक असे. एका वार्षिक परीक्षेत चिठ्ठ्या टाकून लेथ वाटले, तेव्हा तो लांज्याकडच्या विठू नावाच्या मुलास आला. त्याने त्यावर पूर्वी कधी काम केले नव्हते. त्याचे काम मापापेक्षा बारीक निघाले. मी त्याला नापास केले, कारण कारागिराने यंत्राचा स्वभाव ओळखलाच पाहिजे, असे माझे मत होते. विठू पुन्हा परीक्षेस बसला नाही. ते मत अजून तसेच आहे की नाही, हे मी स्वतःला कधी विचारलेले नाही.

शुक्रवारी दुपारी मी वही, पेन्सिल आणि जुने स्टॉपवॉच घेऊन गंगारामच्या दुकानात गेलो. पूर्वी तेथे शिंप्याचे दुकान होते. भिंतीवर कपडे टांगायच्या खुंट्या अजून होत्या. तीन यंत्रांपैकी एकावर मोटारी पळत, दुसऱ्यावर पाखरे मारायची होती, आणि तिसऱ्यापाशी सगळी गर्दी. त्याच्या माथ्यावरचे इंग्रजी नाव खरवडून गेले होते, म्हणून मुले त्याला 'पूल' म्हणत. एक तलवारवाला माणूस डावीकडून उजवीकडे धावतो. पहिल्या टप्प्यात जंगल, दुसऱ्यात गुहा, तिसऱ्यात घाट आणि चौथ्यात खोल दरीवरचा तुटका पूल. डाव्या हाताखाली दांडा, उजव्या हाताखाली दोन बटणे: एक वाराचे, एक उडीचे.

धोंडू खेळत होता. मागे कॉलेजची चार-पाच मुले दाटीवाटीने उभी होती.

"काका, पूल आला! देवाचं नाव घ्या!"

"अरे, पोवायला येतं ना काकांना? खाली पाणी हाय."

"पाणी नाय, दरी हाय."

"मंग घोंगडी धरा रे खाली कुणीतरी!"

धोंडूने पहिली फळी गाठली. दुसऱ्या फळीसाठी त्याची बोटे हललेली मी स्पष्ट पाहिली; पडद्यावरचा माणूस मात्र उडालाच नाही. चालत चालत दरीत गेला. मुले हसली. धोंडू हसला नाही, रागावलाही नाही. त्याने उजवा हात उलटा करून पाहिला, जसे आपण थांबलेले घड्याळ पाहतो.

"आप्पा, तुमी हितं?" मला पाहून तो म्हणाला.

"खेळ बघायला आलोय. अवघड आहे म्हणतात."

"अवघड नाय वो. गणपतीत मी सहाव्या टप्प्यापर्यंत जायचो. ते बगा." त्याने भिंतीकडे बोट दाखवले. तेथे काळा रंग दिलेल्या चौकोनात गंगारामने रोजचे सर्वांत जास्त गुण तारखेसह खडूने लिहिले होते. "पंधरा दिवस झाले, हात जड झालेत. बस्स."

"हात-बीत काय नाय, काका," एक मुलगा म्हणाला. "आत खटका असतो. यानं तो फिरवलाय. अवघड करून ठेवलंय मुद्दाम."

"तुझ्या तोंडात माती!" गल्ल्यावरून गंगाराम ओरडला. "आप्पा, शिमगा येतो तो फाल्गुनात, ही पोरं माझ्या नावानं बारमास करतात. मी हात लावला नाय यंत्राला. ह्यांनाच खेळायचा कंटाळा आलाय. जरा अवघड आलं की लगेच यंत्र वाईट."

एकाच घटनेची तीन कारणे मिळाली होती: जड झालेले हात, लबाड मालक आणि आळशी मुले. तिन्ही खोटी असू शकतात, ही शक्यता मात्र कोणीच मांडली नव्हती. मी स्टुलावर बसलो आणि वहीत रकाने आखले.

शुक्रवारची दुपार आणि शनिवारचा दिवस मी तेथे काढला. गुडघे धरले, डोळे चुरचुरू लागले. तरी एक गोष्ट मान्य केली पाहिजे की घाटाचा तिसरा टप्पा ज्याने रचला तो जाणता माणूस असावा. वरून धोंडा गडगडत येण्याआधी जमीन किंचित थरथरते. ज्याने ती थरथर पाहिली नाही तो मरतो, पण मरताना आपण काय पाहायला चुकलो ते त्याला कळते, आणि पुढच्या खेपेस तो जमिनीकडे पाहतो. अवघडपणा असावा तर असा. पुलाच्या शेवटी मात्र त्याच माणसाने, किंवा त्याच्या घाईत असलेल्या एखाद्या मदतनिसाने, पडद्याच्या मागल्या कडेतून एक गिधाड सोडले आहे. ते दिसायच्या आत पाठीवर आदळते. तेथे शिकण्यासारखे काही नाही. एकदा मरून जागा पाठ करावी लागते, एवढेच. त्याला मी अवघडपणा म्हणणार नाही. ते कच्चे काम आहे.

पण या दोहोंचा गेल्या पंधरवड्याशी संबंध नव्हता. धोंडा आणि गिधाड गणपतीतही होतेच. शिवाय बहुतेक सगळे गिधाडापर्यंत पोचण्याआधीच पडत होते.

शनिवारी संध्याकाळी मी रकान्यांची बेरीज केली. धोंडू एकोणीस वेळा पुलावर आला होता. पहिली उडी एकोणीस वेळा बिनचूक. दुसरी उडी अकरा वेळा झालीच नव्हती. मुले आठ वेळा पुलापर्यंत पोचली होती. त्यांचीही पहिली उडी नेहमी बरोबर आणि दुसरी पाच वेळा नापास. जंगलात, गुहेत, घाटात उड्या दूरदूर असतात. दोन उड्या लागोपाठ माराव्या लागतात त्या फक्त पुलावर.

मी भिंतीकडे पाहिले. खडूचे मोठे आकडे अष्टमीला थांबत होते. दसऱ्यानंतर एकाही दिवशी त्यांच्या निम्मेसुद्धा गुण कोणाला मिळाले नव्हते. जड झाले असलेच तर एकाच दिवसापासून गावातल्या सगळ्यांचेच हात जड झाले होते.

रविवारी सकाळी, गिऱ्हाईक यायच्या आधी, गंगारामने मला यंत्राची मागची फळी उघडून दिली. धोंडू कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा आणायला गेला होता. आत पांढऱ्या खटक्यांची एक ओळ होती आणि बाजूला त्यांचा तक्ता चिकटवलेला. खटके मधल्या पातळीवर होते आणि त्यांच्यावर वर्षाची धूळ जशीच्या तशी बसली होती.

"बगितलंत?" गंगाराम म्हणाला. "आता त्या पोरांना बोलवून दाखवतो."

"थांब. अजून काम आहे."

मी पुढची पाटी सोडवली आणि उडीचे बटण खालून बाहेर काढले. साधी रचना होती: प्लॅस्टिकची दांडी, स्प्रिंग, आणि खाली दोन पितळी पट्ट्या ज्या एकमेकींना टेकल्या की उडी होते. मी दांडी दाबून सोडली. ती वर आली, पण दमलेला माणूस जिना चढतो तशी आली. बोट उचलले तरी पट्ट्या थोडा वेळ एकमेकींना टेकूनच राहत होत्या, आणि तेवढ्यात दुसऱ्यांदा दाबले तर यंत्राला ते कळतच नव्हते. मी दांडीच्या कडेने सुई फिरवली. सुईच्या टोकाला लाल, चिकट, धुळीने दाट झालेला लगदा आला. वास घेतला. खोबरेल तेल.

गंगारामचा चेहरा उतरला. "आप्पा... खंडेनवमीला पूजा केली होती यंत्रांची."

"कोणी?"

"धोंडूनं. मला म्हणाला, गिरणीत दरवर्षी सांच्याची पूजा मीच करायचो, तुझ्या यंत्रांची पण मी करतो. आंघोळ करून आला होता. मी कशाला नाय म्हणू?"

मी स्पिरिटमध्ये कापूस भिजवला. कमलाबाईला हवे होते ते उत्तर माझ्या हातात होते, आणि मला खोटे बोलण्याची गरज नव्हती: यंत्र बिघडलेले होते. तेवढेच सांगून थांबता आले असते. बिघडले कशामुळे, हे कळले तर धोंडू म्हणेल, शेवटी माझाच हात. मी घाईने बटण पुसू लागलो. सत्य लपवण्याच्या कामात घाई करण्याची मला सवय नव्हती, म्हणून की काय, कापसाचे तीन लाल बोळे पाटीवरच राहिले आणि धोंडू चहाची किटली घेऊन दारात उभा राहिला.

त्याने बोळे पाहिले. किटली खाली ठेवली. एक बोळा उचलून नाकाशी नेला.

"तेलात कालवलं होतं मी," तो म्हणाला. "सांचा हादरतो ना, कोरडं कुंकू टिकत नाय. दुपारपर्यंत झडून जातं. अठरा वर्षं तेलातच कालवलं."

"सांच्यावर कुठे लावायचास?"

"वरच्या आडव्या लोखंडाला."

"आणि इथे?"

"हितं लोखंड कुठं हाय वो? सगळा प्लायवूडचा डबा. म्हटलं, हात लागतो तिथं लावावं." त्याने बोळा खाली ठेवला. "उडीच्या बटणाला जास्त लावलं. सगळा खेळ त्याच्यावर."

"धोंड्या," गंगाराम म्हणाला, "पंधरा दिवस पोरांच्या शिव्या खाल्ल्या मी. कुंकू लावलंस यंत्राला, आनि टिळा लागला मला."

धोंडू स्टुलावर बसला. "म्हणजे परत माझाच हात."

विठूही माझ्यासमोर असाच स्वतःला दोष देत उभा होता, आणि मी त्याला सात नंबरच्या लेथविषयी एक अक्षर बोललो नव्हतो. मी वही धोंडूच्या मांडीवर उघडून ठेवली.

"हा रकाना तुझा. पहिली उडी एकोणीसपैकी एकोणीस. दुसऱ्या उडीला तुझी बोटं प्रत्येक वेळी वेळेवर खाली गेली आहेत; मी बोटांकडे बघत होतो, पडद्याकडे नाही. अकरा वेळा यंत्रानं ऐकलं नाही. हा शेजारचा रकाना पोरांचा. त्यांचं वय वीस. त्यांचंही यंत्रानं ऐकलं नाही."

"पण कुंकू..."

"कुंकू लावलंस ती चूक तुझीच. प्लॅस्टिकला तेल लावू नये, हे तुला ठाऊक नव्हतं, आता झालं. पण पुलावरून पडलास ती चूक तुझी नव्हती. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकत्र करू नकोस. आयुष्यभर मी लोकांच्या त्या एकत्र करत आलो."

शेवटचे वाक्य मला म्हणायचे नव्हते. त्याने ते ऐकले की नाही, कोण जाणे. तो वहीतल्या रेघांवरून बोट फिरवीत राहिला. चहा निवला.

बटण पुसून, वाळवून मी परत बसवले. आता दांडी टचकन वर येत होती. धोंडू उभा राहिला, पण लगेच खेळला नाही. आधी पाच-सहा वेळा नुसते बटण दाबून पाहिले. मग खेळ सुरू केला. जंगल, गुहा, घाट. तोवर दोन मुले येऊन मागे उभी राहिली होती.

"पूल आला, काका. घोंगडी आणू?"

पहिली फळी. दुसरी. तिसरी. मुलांची तोंडे बंद झाली. गिधाडाच्या जागी तो न दिसणाऱ्या गिधाडाखालून वाकून गेला.

"ते कसं कळलं?" मी विचारले.

"पाठ झालंय. त्याला अक्कल लागत नाय."

पाचव्या टप्प्यात वेशीपाशी एक भालेवाला उभा होता. भाला मागे जातो, क्षणभर थांबतो आणि मग येतो. धोंडू तो थांबायच्या आतच पुढे सरला आणि मेला. मुले हळहळली. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले. तीन दिवसांत प्रथमच त्याने उजवा हात उलटा करून पाहिला नव्हता.

"ही माझी," तो म्हणाला. "घाई केली."

त्यानंतर तो चहाचे पेले विसळायला गेला. उद्याचे काय, असे मी विचारले नाही. मला उत्तराची भीती वाटत होती आणि पाठही दुखत होती.

सोमवारी दुपारी चारच्या सुमारास तो माझ्या पडवीच्या पायरीवर येऊन बसला. अंगात इस्त्रीचा शर्ट होता, घामाने पाठीला चिकटलेला. मी पाण्याचा तांब्या पुढे केला.

"गेलो होतो," पाणी पिऊन झाल्यावर तो म्हणाला.

"मग?"

"यंत्र नवीन म्हणत होते, पण कुठनं तरी वापरलेलं आणलेलं हाय. साहेब म्हणाला, करू का सुरू? मी म्हटलं, आधी दोनदा रिकामं फिरवा, मला बगू द्या."

"हसला असेल."

"हसला. पण फिरवलं." त्याने खांबाला पाठ टेकली. "सहा धागे तोडून दिले. चार जोडले. दोन सुटले."

"दोन."

"एका ठिकानी धागा धरायचा चिमटा ढिला होता. मी दाखवला त्याला. त्यानं हात लावून बगितला आनि वहीत लिहून घेतलं. दुसरा माझा. घाई केली."

"काय म्हणाले मग?"

"बुधवारी कळवतो म्हणाले. कळवतील नायतर नाय." त्याने डोळे मिटले. "दमलो, आप्पा. अठरा वर्षं उभा राहून काम केलं, पण आज एका तासात दमलो."

मी आतून उशी आणेपर्यंत त्याला झोप लागली होती. हात मांडीवर उताणे पडले होते. ते त्याच्याइतकेच निजलेले दिसत होते.

पाच वाजता कमलाबाई कारखान्यातून आली. नवरा माझ्या पडवीत झोपलेला पाहून ती कुंपणापाशीच थबकली, मग पाय न वाजवता जवळ आली.

"काय झालं?" तिने खुणेनेच विचारले.

"सहापैकी दोन धागे सुटले," मी हळू आवाजात सांगितले. "त्यातला एक त्याचा."

ती उभ्या उभ्या विचार करीत राहिली. काळ्या बोटांची टोके तिने एकमेकांवर घासली.

"म्हणजे हात हायत," ती म्हणाली, आणि त्याला न उठवता पायरीवर, त्याच्याजवळ बसली.